मोजलेला भार आणि ठरवलेला भार

सरासरी काढताना प्रत्येक संख्येला सारखाच मान द्यावा, की तिच्यामागे उभ्या असलेल्या वस्तूच्या किंवा कामाच्या प्रमाणात कमी-अधिक मान द्यावा, हा प्रश्न भारतीय गणितात निदान सातव्या शतकापासून उत्तरासह आढळतो. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये रचलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त खातव्यवहाराचा, म्हणजे खोदकामाच्या गणिताचा, विचार करताना असा नियम दिला आहे की, खोली ठिकठिकाणी वेगळी असेल तर प्रत्येक भागाच्या लांबीला त्याच्या खोलीने गुणावे आणि गुणाकारांच्या बेरजेला एकूण लांबीने भागावे. नवव्या शतकातील भाष्यकार पृथूदकस्वामी याने घेतलेल्या उदाहरणात हौद 30 हात लांब व 8 हात रुंद असून त्याच्या 4, 5, 6, 7 आणि 8 हात लांबीच्या पाच भागांची खोली अनुक्रमे 9, 7, 7, 3 आणि 2 हात आहे. गुणाकारांची बेरीज 150 भरते व सरासरी खोली 5 हात येते. पाच खोल्या नुसत्या मिळवून पाचाने भागल्या असत्या तर उत्तर 5.6 आले असते, आणि त्या हिशेबाने मजुरी चुकती करणाऱ्याला 144 घनहात न उपसलेल्या मातीचेही पैसे मोजावे लागले असते.

येथे खोली ही सरासरी काढावयाची राशी आणि लांबी हा तिचा भार; अशा रीतीने काढलेल्या सरासरीला भारित सरासरी म्हणतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) हीच रीत सोनाराच्या मुशीत उतरते. 10, 4, 2 आणि 4 मासे वजनाचे आणि अनुक्रमे 13, 12, 11 व 10 कसाचे सोने एकत्र वितळवले, तर गुणाकारांची बेरीज 240, एकूण वजन 20 मासे आणि मिश्रणाचा कस 12 येतो. पण या उदाहरणाचे खरे मर्म पुढच्या पायरीत आहे. तेच सोने शुद्ध करताना वजन 16 मासे उरले, तर कस 15 होतो, कारण हीण जळाले तरी 240 ही राशी ढळत नाही. 16 हा शुद्ध सोन्याचा कस धरल्यास तिच्यात 15 मासे शुद्ध सोने आहे आणि ते मुशीतून कोठेही गेलेले नाही. गुणाकारांची बेरीज ही नुसती गणिती पायरी नसून एका खऱ्या वस्तूचे माप आहे, हे इतक्या थोडक्यात दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

दुकानदाराचा हिशेब याच जातीचा असतो. 20 किलो तूरडाळ 120 रुपये दराने आणि 60 किलो 160 रुपये दराने घेतली, तर खरेदीचा सरासरी दर 150 रुपये पडतो. दोन दरांचा मध्य म्हणून 140 धरून 145 ला विकणारा व्यापारी किलोमागे पाच रुपये सुटले असे समजतो आणि प्रत्यक्षात पाच रुपये गमावतो. शाळेत मात्र भार दडलेला असतो. लेखी परीक्षेत 80 पैकी 40 आणि अंतर्गत मूल्यमापनात 20 पैकी 18 गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचे शेकडा प्रमाण 50 आणि 90 यांच्या मधोमध 70 नसते, ते 58 असते, कारण कमाल गुण हेच तेथे भार असतात. आणि हे 80 व 20 कोणत्याही तराजूने मोजलेले नाहीत. ते कोणीतरी ठरवलेले आहेत.

भार मोजण्याकडून ठरवण्याकडे झालेला हा प्रवास किंमत-निर्देशांकांच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. निर्देशांक म्हणजे अनेक वस्तूंच्या भावातील चढउतार एका आकड्यात सांगण्याची रीत. इटलीत कार्लीने 1764 मध्ये धान्य, मद्य आणि तेल यांच्या भावांतील बदलांची साधी सरासरी काढली. इंग्लंडमध्ये आर्थर यंगने 1812 मध्ये गव्हाला पाचपट मान देऊन, सगळ्या वस्तू सारख्या महत्त्वाच्या नाहीत हे मान्य केले, पण तो मान बव्हंशी त्याच्याच अंदाजाचा होता. पुढे जर्मनीत लास्पेरेसने 1871 मध्ये आधारवर्षातील खपाचे आणि पाशेने 1874 मध्ये चालू वर्षातील खपाचे प्रमाण भार म्हणून घेतले, तेव्हा भार पुन्हा मोजता येऊ लागला खरा, पण कोणत्या वर्षाचा मोजायचा ही निवड शिल्लकच राहिली. एकाच बाजाराचे दोन्ही पद्धतींनी दोन निर्देशांक निघतात आणि दोन्ही बरोबर असतात.

श्रेयांक पद्धतीत विद्यापीठे प्रत्येक विषयाच्या श्रेणीगुणाला त्याच्या श्रेयांकांनी गुणून सत्राची सरासरी काढतात, तेव्हा चार श्रेयांकांचा विषय दोन श्रेयांकांच्या विषयाच्या दुप्पट मोलाचा ठरतो. यात शिकवण्याचे तास मोजलेले असले, तरी कोणत्या विषयाला किती तास द्यायचे हा निर्णय अभ्यासमंडळाचा असतो. भारतातील ग्राहक किंमत निर्देशांकाच्या 2012 आधारवर्षाच्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांचा भार 45.86 टक्के होता आणि तो 2011-12 च्या कुटुंबखर्चाच्या पाहणीतून आला होता. मिळकतीचा मोठा हिस्सा अन्नावर खर्च करणाऱ्या घराला तो कमी वाटेल आणि सुखवस्तू घराला जास्त. 2023-24 च्या आर्थिक पाहणी अहवालाने तर खाद्यपदार्थ वगळून महागाईचे लक्ष्य ठरवण्याचा विचार करावा, असे सुचवले. त्यामागचे तर्क काहीही असोत, गणिताच्या दृष्टीने ती सूचना तेवढ्या उद्दिष्टापुरता हा 45.86 चा भार शून्यावर आणण्याची होती.