भरवशाची म्हैस

भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि दर वेळी मला त्या म्हशीच्या मालकाबद्दल वाईट वाटत आले आहे. म्हशीबद्दल वाईट वाटायला मात्र वयाची सदुसष्टी उजाडावी लागली. त्या बिचारीने कुणाला कसले वचन दिले होते? 'यंदा पारडीच देईन' असे स्टँपपेपरवर लिहून दिले होते काय? भरवसा ठेवला मालकाने, तिला न विचारता ठेवला, आणि जन्माची बदनाम झाली ती म्हैस!

तेव्हा भरवसा हा ज्याच्यावर ठेवतात त्याचा गुण, की जो ठेवतो त्याची सोय? हा प्रश्न मला एखादे उपनिषद वाचताना पडला असता तर चारचौघांत सांगायला बरे होते. पण मला तो व्हॅक्यूम क्लीनर घेताना पडला.

त्याचे असे झाले. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगसमोरची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. पुनर्विकास म्हणजे समोरच्यांना मोठे ब्लॉक आणि आपल्याला त्यांच्या जुन्या भिंती, पीठ करून, खिडकीवाटे. सौ.ला शिंका सुरू झाल्या. एका वेळी सात. डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी असे नाव दिले, गोळ्या दिल्या आणि 'धुळीपासून लांब राहा' असा सल्ला दिला. डोंबिवलीत धुळीपासून लांब राहायचे म्हणजे कर्जतच्या पुढे जायला हवे.

नेमक्या याच मुहूर्तावर आमच्या मावशी गावाला गेल्या. मावशी म्हणजे आमच्याकडे एकवीस वर्षे केर-लादी आणि भांडी करणाऱ्या बाई. 'सासूबाईंना बरं न्हाई, तीन दिवसांत येते,' असे सांगून गेल्या. तीनाचे चार झाले, पाच झाले, सहा झाले. सौ. एका हाताने रुमाल नाकाला लावी आणि दुसऱ्या हाताने केरसुणी मारी. तोंड मोकळे असे.

"एक फोन करता येत नाही? मी लावते तर लागत नाही. एकवीस वर्षं दिवाळीला साडी घेतली. माणसांचा भरवसाच राहिला नाही!"

"नाहीच राहिला," मी म्हणालो. मान मी मनापासून हलवली होती, हे लक्षात ठेवावे. पुढे लागणार आहे.

सातव्या दिवशी ठराव पास झाला. यापुढे माणसांवर विसंबून राहायचे नाही, एक चांगला भरवशाचा व्हॅक्यूम क्लीनर आणायचा. 'भरवशाचा' या शब्दावर सौ.ने असा जोर दिला की मला क्षणभर माझी बदली होते आहे असे वाटले. संशोधनाचे काम माझ्याकडे आले.

या यंत्राची आणि आमच्या घराची तोंडओळख जुनी आहे. युरेका फोर्ब्स कंपनी १९८२ साली निघाली आणि टाय लावलेली तरुण मुले दारोदार व्हॅक्यूम क्लीनर घेऊन फिरू लागली, तो काळ अनेकांना आठवत असेल. त्यांचे पाहून आणखीही कोणी फिरत. असाच एक तरुण एका दुपारी आमच्याकडे आला होता. कुठल्या कंपनीचा होता ते आता आठवत नाही. त्याने आमची गादी यंत्राने ओढून काढली, पोटातली धूळ पांढऱ्या कापडावर ओतली आणि विजयी मुद्रेने आईकडे पाहिले. तो राखाडी ढीग पाहून विक्री होईल अशी त्याची कल्पना असावी. आईला वाटले, हा सुनेसमोर आपली अब्रू काढतो आहे. "ही धूळ तुझ्याच डब्यातली," असे म्हणून तिने त्याला चहा देऊन वाटेला लावले. चहा दिला, कारण बिचाऱ्याच्या कपाळावर घाम होता आणि टाय कुणा दुसऱ्याचा वाटत होता.

आता दुकानात गेलो. तिथला मुलगा म्हणाला, "काका, हा घ्या, दोन हजार वॉट!" मी शेजारच्या निवृत्त इंजिनियरांना सोबत नेले होते. ते म्हणाले, "वॉट म्हणजे यंत्र वीज किती खातं त्याचा आकडा. काम किती करतं त्याचा नाही." माझी आयुष्याची तेहतीस वर्षे सरकारी कचेरीत गेली असल्याने हा मुद्दा मला चटकन समजला. युरोपात म्हणे २०१७ पासून ९०० वॉटच्या वरचा घरगुती क्लीनर विकायला आणायलाच बंदी आहे. आणि तेवढ्यात तिथले गालिचे साफ होतात.

मग गॅरंटीचे विचारले. मुलगा म्हणाला, "गॅरंटी नाही काका, वॉरंटी." फरक विचारला तर त्याने छापील कार्ड दिले. त्यात काय काय वॉरंटीत येत नाही याची यादी होती. नळी नाही, ब्रश नाही, पिशवी नाही, फिल्टर नाही. उरला तो खोका.

मी मुळापासून वाचायचे ठरवले. या यंत्राचा मूळपुरुष ह्यूबर्ट बूथ हा इंग्रज इंजिनियर. १९०१ साली लंडनमध्ये त्याने एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. ते यंत्र हवा फुंकून धूळ उडवीत असे, म्हणजे आपण सगळे फडके झटकून करतो तेच. बूथला वाटले, फुंकण्याऐवजी ओढली तर? त्याने हॉटेलातल्या मखमली खुर्चीवर रुमाल अंथरला, तोंड लावले आणि श्वास आत ओढला. गुदमरून जीव जायची वेळ आली, पण रुमालाला धूळ चिकटली. (आमच्याकडे असे कोणी हॉटेलात केले असते तर मॅनेजरने पोलीस बोलावले असते.) त्याचे यंत्र इतके मोठे होते की ते घोडागाडीवरून येई, रस्त्यात उभे राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात जात. लंडनच्या बड्या बायका ते पाहायला मैत्रिणींना चहाला बोलावीत. हा माणूस मला आवडला. पण माझ्या मनात बसला तो दुसराच.

अमेरिकेत ओहायो राज्यात कँटन गावात जेम्स स्पँग्लर नावाचा गृहस्थ एका दुकानात झाडलोट करीत असे. वय साठीला आलेले, त्यात दमा. झाडू मारला की धूळ उडे आणि धूळ उडाली की याचा श्वास अडके. त्याने पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून १९०७ च्या सुमारास एक यंत्र जुळवले. १९०८ साली पेटंट मिळाले. पुढे ते हूव्हर नावाच्या कुटुंबाने विकत घेतले आणि जगभर नाव हूव्हरचे झाले. म्हणजे हातात धरून घरभर फिरवायच्या विजेच्या यंत्राचा एक जनक झाडूवाला होता. त्याने ते आपली छाती वाचवायला केले. आम्ही ते झाडूवालीपासून सुटका व्हावी म्हणून घ्यायला निघालो होतो.

हा विचार मला फारसा आवडला नाही. मी पान उलटले.

पुढच्या पानावर युरोपियन युनियनचा नियम होता. व्हॅक्यूम क्लीनरची मोटार निदान ५०० तास चालली पाहिजे आणि नळी ४०,००० वेळा वाकवली तरी फाटता कामा नये. याला म्हणतात भरवसा! मी कागद घेऊन हिशेब मांडला. आठवड्याला एक तास धरला तर ५०० तास म्हणजे साडेनऊ वर्षे. माझे वय पाहता पुरेसे होते. मग गंमत म्हणून मावशींचाही हिशेब केला. नुसता केर-लादीचा पाऊण तास, वर्षाचे ३४० दिवस, एकवीस वर्षे. ५,३५५ तास. युरोपच्या नियमाने दहा मोटारी जळून अकरावी निम्म्याहून अधिक झिजली असती. नळी किती वेळा वाकली, म्हणजे मावशींची कंबर, याचा हिशेब मी केला नाही. वॉरंटी कार्ड काही त्यांच्यासोबत आले नव्हते.

आणि या हिशेबात तीनशेचाळीस दिवस लिहिता लिहिता मला एकदम आठवले.

मावशींचा फोन आला होता. गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, माझ्या मोबाइलवर. मॅचच्या शेवटच्या दोन ओव्हर राहिल्या होत्या. "भाऊ, सासूचं काय खरं न्हाई. आठ-धा दिस लागतील. वहिनींचा फोन लागंना, तेवढं सांगा." मी "हो हो, सांगतो, काळजी घ्या" असे म्हणालो होतो. काळजी घ्या हेसुद्धा म्हणालो होतो! फोन ठेवला आणि विकेट पडली.

नववा दिवस होता. आत सौ. लादी पुशीत होती आणि माणसांच्या भरवशावर तिचे प्रवचन चालू होते. त्याच वेळी उठून सांगायला हवे होते. मी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. आता सांगून लादी थोडीच पुसून होणार, असे मी मनाशी म्हटले. विसरणे ही माझी चूक होती असे म्हणता येईल. ही घडी खिशात ठेवणे म्हणजे काय, त्याला मराठीत बरेच शब्द आहेत. ते मी टाळतो.

बाराव्या दिवशी मावशी आल्या. सासूबाई गेल्या होत्या. सौ.ने दोन मिनिटे हळहळ केली आणि मग राहवले नाही.

"पण मावशी, एक फोन करायचा होता."

मावशींनी माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्राकडे पाहिले.

"गावाला रेंज न्हवती वहिनी," मावशी म्हणाल्या आणि केरसुणी उचलली. मग टेबलावरचे व्हॅक्यूम क्लीनरचे रंगीत कागद दिसले तशा थांबल्या. "मला काढणार का?"

वाचकहो, मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी नाही. पण त्या दिवसापासून मी या प्रश्नाभोवती फिरतो आहे. मावशी खोटे बोलल्या. ते खोटे मला वाचवण्यासाठी होते आणि त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली. मी एक शब्दही खोटे बोललो नाही. तर आम्हा दोघांत भरवशाचे कोण? त्या पुन्हा कधी 'रेंज नव्हती' म्हणाल्या, तर मी मानायचे की नाही? आणि मी 'हो हो, सांगतो' म्हणालो, तर कोणी मानावे?

युरोपात आणखी एक मजा झाली होती. व्हॅक्यूम क्लीनरवर कार्यक्षमतेची लेबले लावायचा नियम होता आणि त्यासाठी यंत्रांची परीक्षा होई. डायसन कंपनी कोर्टात गेली, की ही परीक्षा यंत्राची पिशवी रिकामी ठेवून घेतात. रिकाम्या पिशवीने कोणीही ओढील. घरात धूळ भरत जाते तशी ताकद बदलते, त्याचे काय? २०१८ साली कोर्टाने लेबलाचा तो नियमच रद्द केला. हे वाचताना मला माझे वर्तमानपत्र आठवले. एरवी, म्हणजे पिशवी रिकामी असताना, मी अत्यंत सरळ माणूस आहे. ऑफिसात माझा तसा लौकिक होता.

महिनाअखेर सौ.ने खाडे मोजले. कबूल केलेले तीन दिवस सोडून आठ. दिवसाला ऐंशी रुपयांप्रमाणे ६४० रुपये कापले. सौ. वाईट नाही. तिचा हिशेब तिच्याजवळ होत्या त्या कागदपत्रांप्रमाणे बरोबर होता. मुख्य कागद माझ्या खिशात होता.

दुसऱ्या दिवशी मी ६४० रुपये पाकिटात घालून जिन्यात मावशींना गाठले. त्यांनी पाकीट उघडलेसुद्धा नाही.

"वहिनींना सांगून द्या भाऊ. त्यांच्या मागं पैसं घेतलं आन् उद्या कळलं, तर माझ्यावर इस्वास कुनी ठेवायचा?"

आणि त्या खाली उतरून गेल्या. गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पायरी.

व्हॅक्यूम क्लीनर साडेआठ हजारांना आला. मावशींना काढायचा प्रश्नच निघाला नाही, कारण तो चालवणे आम्हा दोघांना जमेना. सौ. पिशवी बदलू लागली की सातच्या जागी अकरा शिंका येत. मावशींनी मात्र दोन दिवसांत त्याला वळण लावले. आता वाकावे लागत नाही म्हणून खूश आहेत. लक्ष्मीपूजनाला सौ.ने नव्या केरसुणीबरोबर त्यालाही हळद-कुंकू लावले. फिल्टरवर अजून कुंकू आहे.

पाकीट मी टेबलाच्या खणात वॉरंटी कार्डाखाली सरकवून ठेवले होते. त्या कार्डाला कोण कशाला हात लावणार, असा माझा कयास. दिवाळी होऊन महिना झाला. रोज संध्याकाळी मी सांगायचे ठरवतो आणि रोज कुठली ना कुठली मॅच असते.

आज सकाळी यंत्र घरघरले आणि बंद पडले. मावशी म्हणतात, नळीत काहीतरी अडकले आहे. सौ. म्हणते, भरवशाचे म्हणून घेतले आणि तीन महिन्यांत ही गत, दुकानदाराला कार्डच दाखवते. आत खण उघडल्याचा आवाज झाला आहे. मावशी दारात केरसुणी घेऊन उभ्या आहेत आणि या खेपेला माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघताहेत.

"अहो," आतून हाक आली, "हे पाकीट कसलं?"