अक्षयनीवी आणि पुली

सुपरचार्जर बसवलेल्या गाडीची पुली बदलली तर गाडी सुधारते का? प्रश्न गॅरेजमधला वाटतो, पण त्याच्या मुळाशी धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न आहे. एखाद्या वस्तूतून, शरीरातून किंवा जमिनीतून अधिक काढता येतं, एवढ्यावरून ते काढणं योग्य ठरतं का?

आधी यंत्राचं पाहू. सुपरचार्जर हा इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप. बहुतेक गाड्यांत तो बेल्टने क्रँकशाफ्टवर फिरतो. क्रँकची पुली १८० मिलिमीटरची आणि सुपरचार्जरची ९० ची असेल, तर इंजिनाच्या ६,००० फेऱ्यांना पंप १२,००० फेऱ्या घेतो. ९० च्या जागी ८० ची पुली लावली की त्याच १३,५०० होतात. हवा जास्त जाते, तिच्या जोडीला इंधनही जास्त मिळालं तर ताकद वाढते. गाडी चालवणाऱ्याला हा फरक पायाखाली जाणवतो, तो खोटा नाही.

पण ही ताकद येते कुठून?

दाबलेली हवा तापते. तापलेल्या हवेमुळे नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याचा, धोका वाढतो, आणि नॉकिंग पिस्टन फोडू शकतं. पंप फिरवायला इंजिनाचीच ताकद खर्च होते, आणि वेग वाढेल तसा हा खर्चही वाढतो. लहान पुलीला बेल्टची पकड कमी मिळते. बेल्ट घसरू नये म्हणून जास्त ताणला तर भार बेअरिंगवर येतो. इंजिन घडवणाऱ्याने उन्हाळा, घाट, हलकं पेट्रोल आणि लाखभर किलोमीटरची झीज धरून थोडी ताकद राखून ठेवलेली असते. पुली हात घालते ती या राखीव ठेवीत.

अशा ठेवीचा विचार नाशिकने सुमारे १९०० वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवला आहे. अंबडच्या कारखान्यांजवळच्या त्रिरश्मी डोंगरातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने ३,००० कार्षापण नाणी अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, म्हणून दिली. त्यातली २,००० गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसाय-संघाकडे, दरमहा शेकडा एक दराने, तर १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने ठेवली. भिक्षूंच्या चीवरांसारखा (वस्त्रांसारखा) खर्च व्याजातून व्हायचा, मुद्दल परत घ्यायचं नव्हतं. पैसा हाताशी आहे म्हणून तो सगळा आजच खर्चता येत नाही, हा विवेक त्या व्यवस्थेच्या पायाशी होता. यंत्राच्या बाबतीतही तोच लागू पडतो.

राखीव ताकदीला हात घालावा का, हा वाद मोटारींच्या इतिहासात प्रत्यक्ष झडला आहे. १९२९ च्या सुमारास शर्यतपटू टिम बर्किन यांनी साडेचार लिटरच्या बेंटलीला सुपरचार्जर लावला. तो थेट क्रँकशाफ्टने चाले, पुली नव्हती, पण प्रश्न हाच होता. ११० अश्वशक्तीचं इंजिन शर्यतीसाठी २४० पर्यंत गेलं. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा या मार्गाला विरोध होता. ताकद हवी तर इंजिनच मोठं करा, असं त्यांचं मत. १९३० च्या ल मान्स शर्यतीत सुपरचार्जरवाल्या बेंटली मध्येच बंद पडल्या, आणि साध्या, मोठ्या इंजिनाच्या ‘स्पीड सिक्स’ पहिल्या व दुसऱ्या आल्या.

म्हणून राखून ठेवणं हाच धर्म, असं मात्र नव्हे. न वापरलेली क्षमता हे काही पुण्य नाही. नाशिकच्या वाटांवर रॅली धावल्या आहेत. रॅलीचा चालक इंजिन झिजणार हे जाणून, ते पुन्हा उघडायच्या तयारीने उतरतो. त्याचा खर्च डोळस असतो. कसारा ते इगतपुरी हा ३७ ला १ चढाचा थळ घाट चढताना रेल्वे गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडते आणि वर पोचल्यावर ती सोडवते. गरज किती आणि कुठवर, हे तिथे आधी ठरलेलं असतं.

खुद्द कारखान्यांनी ताकद कशी वाढवली तेही पाहण्यासारखं आहे. २००२ साली आलेल्या सुपरचार्जरच्या मिनी कूपर एसची ताकद १६३ अश्वशक्ती होती. जॉन कूपर वर्क्सच्या संचाने ती २०० वर नेली. त्यात लहान पुली होतीच, पण तिच्यासोबत नवं सिलिंडर हेड, नवा एक्झॉस्ट आणि बदललेलं ईसीयू ट्यूनिंगही होतं.

तेव्हा नुसत्या पुलीने गाडी सुधारत नाही, फक्त जोरात पळते. ज्याला बदल करायचाच आहे त्याने हवा थंड करण्याची, इंधनाची आणि ट्यूनिंगची सोय आधी करावी, पुली शेवटी घ्यावी. आणि रस्त्यावरच्या गाडीला हात लावण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ नोंदींशी विसंगत बदलाला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते उचलून धरलं आहे.