दुसऱ्याच्या वाट्याची क्षमा

डॉक्टरांच्या हयगयीमुळे एखाद्या घरातील कर्ता पुरुष गेला, असे समजू. पत्नीने दावा लावला आहे. काही महिन्यांनी रुग्णालयाकडून निरोप येतो : अमुक रक्कम घ्यावी आणि प्रकरण मिटवावे. बाई थकलेली असते. नोकरीनिमित्त परप्रांती बिऱ्हाड असले, तर सल्ल्याला दीर नसतो, भाऊ नसतो. कचेरीची भाषाही परकी असते. 'गेलेले माणूस काही परत येत नाही,' असे म्हणून ती सही करावयास तयार होते. तिला दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु त्या दाव्यात तिचे सहा वर्षांचे मूलही वादी असेल, तर कायदा तिचा हात क्षणभर धरतो.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३२, नियम ७ अन्वये अज्ञान मुलाच्या वतीने केलेल्या तडजोडीस न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता केलेली तडजोड मुलाला झुगारून देता येते. समोरच्या पक्षास नाही. १९७६ च्या दुरुस्तीनंतर पालकाने प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि वकील असल्यास त्यानेही तडजोड मुलाच्या हिताची असल्याचा दाखला द्यावयाचा असतो. इतके करूनही न्यायाधीश त्या मताने बांधला जात नाही. त्याने स्वतः तपासून पाहावे, अशीच अपेक्षा आहे.

येथे कोणीही विचारील : जन्मदात्या आईपेक्षा मुलाचे हित न्यायाधीशास अधिक कळते काय? हा मातेचा अपमान नव्हे काय?

आम्हांस तसे वाटत नाही. प्रश्न मायेचा नसून मालकीचा आहे. १८५५ च्या प्राणघातक अपघातांविषयीच्या कायद्याने मृताची पत्नी, पती, आईबाप आणि मुले यांचा भरपाईवर हक्क मानला, आणि प्रत्येकाचा वाटा ठरविण्याचे काम न्यायालयाकडे दिले. म्हणजे मुलाचा वाटा आईचा नव्हे. आपल्यावर झालेला अन्याय विसरावा, थोडक्यावर समाधान मानावे, हे मोठे मन आहे. परंतु क्षमा ज्याची त्याने करावयाची असते. दुसऱ्याचे येणे आपण सोडून दिले, तर ते औदार्य ठरत नाही. शिवाय आजची चूल आणि उद्याचे शिक्षण एकाच रकमेतून भागवावयाचे असते, तेव्हा अत्यंत प्रेमळ आईचीही ओढाताण होते. त्या ओढाताणीत ज्याचा स्वतःचा स्वार्थ नाही, असा कोणी तरी मुलाच्या बाजूस बसलेला असावा.

याचा अर्थ न्यायालयाने तडजोडीस नेहमी आडवे यावे असा नव्हे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यात उपचार सुरू असता थोड्याच दिवसांत तो दगावला. त्याच्या आईवडिलांचा दावा सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला १९६८ मध्ये, आणि कायम झालेली भरपाई होती ३,००० रुपये. न्यायास पंधरा वर्षे लागणार असतील, तर आज हाती येणारी बेताची रक्कमही मुलाच्या हिताची असू शकते. ती खरोखर तशी आहे काय, हे तोलून पाहणे एवढेच न्यायाधीशाचे काम. पण ते त्याने केलेच पाहिजे.

आपण कागदांवर सह्या करणारी माणसे. 'मंजूर' हा शब्द किती सहज लिहिता येतो, हे आपल्याइतके कोणास ठाऊक? वकिलाचा दाखला जोडलेला आहे, दोन्ही पक्ष राजी आहेत, टेबलावर अजून तीस प्रकरणे पडली आहेत. मग एका ओळीत परवानगी दिली जाते. नियम पाळला जातो, पण मुलाकडे कोणी पाहिलेले नसते.

म्हणून आम्हांस वाटते, परवानगी देताना न्यायाधीशाने कारणांच्या चार ओळी अवश्य लिहाव्यात : रक्कम कशी पुरेशी वाटली, दावा चालविण्यात कोणता धोका होता, मुलाचा वाटा कोठे ठेवला. ते मूल एक दिवस अठरा वर्षांचे होईल. आपल्या वडिलांच्या मृत्यूचे प्रकरण एवढ्यावर का मिटविले, हे ते विचारील. तेव्हा उत्तर देण्याचे ओझे एकट्या आईवर पडू नये.