हेडलाही टाळ्या

19 नोव्हेंबर 2023चा रविवार आठवतोय? दिवाळी नुकतीच सरलेली, डब्याच्या तळाशी चिवडा आणि जरा मऊ पडलेल्या चकल्या, आणि अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना. सलग दहा सामने जिंकलेला आपला संघ 240 धावांत आटोपला. ट्रॅव्हिस हेडने 137 धावा कुटल्या आणि ऑस्ट्रेलिया सहा गडी राखून जिंकली.

आमच्या घरात मात्र दीड वर्षाची नात चिवड्यातला कढीपत्ता निवडून एकेकाच्या तोंडात कोंबत होती. चेंडू सीमापार गेला की तिच्या टाळ्या ठरलेल्या. हेडच्या चौकारालाही! तिचे आजोबा आधी वैतागले (भारत हरला की ते जेवत नाहीत, हे शेजारीपाजारीही जाणून आहेत), पण तिसऱ्या-चौथ्या टाळीला तेही खुदकन हसले. रात्री पिठलं-भात दोनदा घेतला.

माझ्या मते त्या संध्याकाळी हेडची खेळी निर्मळ मनाने पाहणारी घरात ती एकटीच होती. चांगला फटका तो चांगलाच, मारणारा कुठलाही असो.

पुढच्या सामन्याला घरातल्या चिमुरड्यांना ‘गप्प बस’ म्हणू नका. वाजवू द्या त्यांना टाळ्या, कुणासाठीही!