सहीविना

भांड्याच्या तळाशी सही उमटली की ते पंगतीतून उठतं आणि फडताळात जाऊन बसतं.

जपानी विचारवंत यानागी सोएत्सूंनी १९२५ च्या सुमारास मित्रांसोबत 'मिंगेई'चा, म्हणजे लोकांच्या रोजच्या कलेचा, विचार मांडला तो अनामिक कारागिरांच्या वस्तूंवरून. १९३६ मध्ये त्यांनी त्या वस्तूंसाठी तोक्योत संग्रहालय उघडलं. ज्यांना नाव नव्हतं त्यांना पत्ता मिळाला. मग भावही आलाच.

त्या मित्रांपैकी कुंभार हमादा शोजींनी माशिको गावात भांडी घडवली आणि त्यांवर सही करायचं सोडून दिलं. गिऱ्हाईक वस्ताद! ते भांड्याच्या लाकडी पेटीवर सही घेऊ लागलं. १९५५ मध्ये सरकारने हमादांना देशाचा जिवंत ठेवा ठरवलं. नाव टाळण्यानेच नाव झालं.

क्यूशू बेटावरच्या ओंता गावात अजून ओढा माती कांडतो. ओंडक्याच्या खोबणीत पाणी भरतं, जड टोक खाली झुकतं, पाणी सांडतं आणि दुसरं टोक ढेकळांवर धप्पकन आदळतं. रात्रंदिवस. कुंभाराला घाई असेल; ओढ्याला नसते. इथल्या भांड्यावर कुंभाराचं नाव नसतं, असलंच तर गावाचं. मला हे पटतं. अर्थात गाजलेल्या गावाचं नाव हीसुद्धा सहीच, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग अनामिक उरलं कोण?

१९५८ मध्ये मोरी मासाहिरोंनी हासामी गावातल्या चिनी मातीच्या कारखान्यासाठी सोया सॉसची बाटली आखली. खाली बसकी, वर निमुळती. दोन बोटांत मान धरली की उचलते, ओतून झाल्यावर थेंब ओघळत नाही. ती साच्यातून निघते. जेवणारा मोरी कोण ते विचारत नाही, सॉस संपला का एवढंच बघतो. याहून मोठी पावती कुंभाराला कुठली?

यानागींच्या संग्रहालयाची धुरा १९७७ मध्ये त्यांच्या मुलाकडे, सोरींकडे गेली. ते कारखान्यांसाठी वस्तू आखणारे. यात कुणाला विसंगती दिसली तर दिसो, मला वारसा दिसतो.

आता हॉटेलांत हातच्यासारख्या वाकड्या काठाच्या ताटल्या येतात. शंभरच्या शंभर, एकसारख्या वाकड्या. हाताची चूक माफ असते, साच्यातली चूक ठरवून केलेली असते. मोरींच्या बाटलीत ती लबाडी नाही. ती यंत्राची आहे आणि यंत्राचीच दिसते. हासामीत ती आजही बनते, दुकानात मिळते.