पोडावरची मातृभाषा

वणीच्या बाजारात तासभर थांबलं की चार भाषा कानावर पडतात. भाजीवाल्याची वऱ्हाडी, कोळसा खाणीत पोटासाठी आलेल्यांची हिंदी, पैनगंगेपलीकडची तेलुगू आणि पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, आलेल्या बायकांची आपसातली कोलामी. पहिल्या तीन आपण ओळखतो. चौथी ऐकून आपण पुढं निघतो.

कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. तिच्यात पाण्याला 'ईर' म्हणतात, घराला 'एल्ला'. पहिलीच्या वर्गात 'घ घराचा' सुरू होतो, तेव्हा मराठी घरातल्या पोराला फक्त अक्षर शिकायचं असतं. पोडावरच्या लेकराला अक्षरही नवं आणि शब्दही नवा. ते गप्प बसतं. त्या गप्प बसण्यावर आपण 'अभ्यासात कच्चं' असा शेरा मारतो.

16 एप्रिल 2025 ला पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला आणि महाराष्ट्र पेटून उठला. 29 जूनला सरकारला माघार घ्यावी लागली. त्या वेळचं आपलं म्हणणं रास्त होतं: घरची भाषा पक्की होण्याआधी कोवळ्या डोक्यावर दुसऱ्या भाषेचं ओझं नको. पण कोलामाच्या लेकरासाठी ती दुसरी भाषा मराठीच आहे. आपण स्वतःसाठी मागितलेला न्याय त्याच्या वाट्याला आलेला नाही.

कायद्याचा आधार नाही, असंही नाही. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलेलं कलम 350क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, असं सांगतं. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. उणीव आहे ती पुस्तकांची आणि शिक्षकांची. फिलिपिन्सनं 2012 पासून मातृभाषेतून शिकवायला सुरुवात केली, पण शिक्षकांची तयारी आणि पुस्तकं कमी पडली. 2024 मध्ये तिथली सक्ती कायद्यानंच उठवली. ओडिशानं 2006-07 पासून दहा आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षण सुरू केलं, तेव्हा त्या त्या समाजातले शिक्षक आणि तिथल्याच जगण्यातली पुस्तकं यांवर भर दिला. धोरण टिकतं ते अशा तयारीवर.

पोडावरचे आईबाप मात्र म्हणतील, आमच्या पोराला मराठी आली पाहिजे. तहसील, बँक, ठाणं, दवाखाना, सगळीकडं मराठीच लागते. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच कोलामीला मराठीच्या जागी बसवायचं नाही, तिला मराठीची पहिली पायरी करायची. पहिली-दुसरीच्या वर्गात पोडावरचीच एखादी शिकलेली मुलगी बाईंच्या जोडीला असावी. चित्राखाली देवनागरीत आधी 'एल्ला' आणि मग 'घर' छापलेलं असावं. गोष्टी आज्यांकडून ऐकून लिहून घ्याव्यात. याला फार मोठा खर्च लागत नाही. ही भाषा शाळेत यायच्या लायकीची आहे, एवढं मानावं लागतं.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद मलाही झाला. मोठ्या बहिणीनं घरातल्या धाकटीला पंगतीत शेजारी बसवून घ्यावं, एवढंच आता मराठीकडून मागणं आहे. वर्गात कुणी 'ईर' म्हणालं आणि बाईंनी न रागावता पाण्याचा तांब्या पुढं केला, तर त्या लेकराचं शिक्षण त्याच दिवशी सुरू होईल.