क्षमेचा अधिकार कोणाचा?

वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगासमोर १९९७ मध्ये पोलीस अधिकारी जेफ्री बेन्झीन याने छळाची रीत करून दाखवली: पालथ्या पाडलेल्या माणसाच्या पाठीवर बसायचं, ओली पिशवी त्याच्या डोक्यावर ओढायची आणि श्वास कोंडेपर्यंत आवळायची. हे करून दाखव म्हणणारे टोनी येंगेनी यांनी तो छळ स्वतः सोसला होता. बेन्झीनला माफी मिळाली. आयोगाचे अध्यक्ष आर्चबिशप टुटू यांनी सुनावण्यांना ख्रिस्ती क्षमेचा सूर दिला खरा, पण माफीसाठी कायद्याला हवे होते फक्त राजकीय हेतू आणि संपूर्ण कबुली. पश्चात्तापाची अट नव्हती. तेव्हा या माफीला क्षमा म्हणणं मला पटत नाही. शिक्षेचा हक्क शासन सोडू शकतं. क्षमा करावी ती सोसणाऱ्यानेच.

माफीचं आश्वासन नसतं तर सत्तांतर रक्तपाताविना झालंच नसतं, हा आक्षेप वजनदार आहे आणि मी तो मान्य करतो. पण मग पीडितांचा न्याय गहाण ठेवून शांतता घेणाऱ्या शासनावर त्यांचं ऋण चढतं. आयोगाने सहा वर्षं वार्षिक भरपाई सुचवली होती. २००३ मध्ये सरकारने एकदाच, प्रत्येकी ३०,००० रँड दिले. न्यायाचंही तेच: पोलीस कोठडीत मरण पावलेले वर्णभेदविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्या प्रकरणी पोलिसांना माफी नाकारली गेली होती, तरी २००३ मध्येच त्या पोलिसांवर खटला न भरण्याचं ठरलं.